बसस्थानकावरील हिरकणी कक्ष कुलूपमुक्त करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभाग नियंत्रक साहेब,
राज्य परिवहन

(प्रवासी राजा दिनी समक्ष सादर)

विषय : हिरकणी कक्ष पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडा ठेवणे, तसेच लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांच्या इतर मागण्या.

संदर्भ : १) गेल्या वर्षीच्या प्रवासी राजा दिनी दिलेला अर्ज. २) लोकशाही दिनात दाखल केलेली तक्रार. ३) स्थानकावरील तक्रार वहीतील आमच्या नोंदी (वहीची ती पाने शिल्लक असल्यास). ४) दिवाळीपूर्वी आपल्या दालनात झालेली चर्चा.

महोदय,

वरीलपैकी एकाही अर्जाला लेखी उत्तर आलेले नाही. तोंडी आश्वासने मात्र भरपूर मिळाली. ती सगळी खाली नमूद केली आहेत, म्हणजे पुन्हा तीच देण्याचे कष्ट आपणास पडणार नाहीत. स्थानक कोणते आणि कक्ष कोणत्या फलाटासमोर, हे आधीच्या अर्जांवरून आपणास माहीत आहे. परिपत्रके आपल्याच कार्यालयातून निघतात, तेव्हा तीही येथे उतरवून काढत नाही.

आम्ही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील, या स्थानकावर गाडी बदलणाऱ्या आया, आज्या आणि काही बाप आहोत. पाटण-जावळीकडच्या माथाडी कामगारांच्या सुना मुंबईहून बाळंतपणाला गावी येतात आणि बाळ मान धरू लागले की परत निघतात. खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी देशभरातून यात्रेला, दिवाळीला लेकरे घेऊन उतरतात. उसाचा हंगाम लागला की तोडणीवाल्या बायका तान्ही मुले पाठीशी बांधून येतात. मिरजेत १८९४ साली वानलेस रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून आमच्या भागात आजारी पोर मिरजेला न्यायचीच पद्धत आहे. यांतल्या बहुतेकींकडे स्वतःची गाडी नाही. एसटी हाच आमचा आधार आहे, आणि तक्रार करायला आम्ही आपल्याकडेच येतो त्याचे कारणही तेच आहे.

१७ मार्च २०२३ पासून आम्हां बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हाही आम्ही कुरकुर केली नाही. मात्र तिकीट अर्धे झाले म्हणून सोयही अर्धी करावी, असे कोणत्या परिपत्रकात म्हटलेले नसावे.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी असलेल्या हिरकणी कक्षाच्या दारावर बाळाला पदराखाली घेतलेल्या आईचे रंगीत चित्र आहे. चित्राखाली कडी आणि कडीला कुलूप आहे. खिडकीच्या फुटक्या तावदानातून आत डोकावले तर बंद पडलेला वॉटर कूलर, जुन्या मार्गांच्या पत्र्याच्या पाट्या, पाय मोडलेली बाकडी, फिनेलचे कॅन आणि खराटे दिसतात. कोपऱ्यात एक पाळणा उभा करून ठेवला आहे. त्याचे प्लास्टिकचे वेष्टन अजून निघालेले नाही.

किल्ली वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीत मागितली तर उत्तर मिळते, "सफाईच्या मावशींकडं हाय." मावशींची ड्युटी दुपारी संपते. त्यानंतर विचारले तर किल्ली आगारात असते. आगारात गेले तर ते म्हणतात, कंट्रोलरकडेच दिली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पिशवी, खांद्याला दुधाच्या वाटी-चमच्याची झोळी अशा अवस्थेत ही चौकशी करायची, आणि तेवढ्यात आपली गाडी लागून सुटली तर पुढच्या गाडीची वाट बघत बसायचे. एका कर्मचाऱ्याने आमच्यातल्या एकीला "जरा कळ काढा की" असेही सांगितले. मोठ्या माणसाला कळ काढता येते, साहेब. दोन महिन्यांच्या लेकराला ती कशी काढायची हे कोणी शिकवलेले नसते.

कक्ष कधीच उघडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात तो उघडतो. स्वच्छ सुंदर बसस्थानक अभियानाची तपासणी समिती यायची असली की उघडतो. त्या दिवशी कूलर आणि पाट्या मागच्या शेडमध्ये जातात, खिडकीला गुलाबी पडदा लागतो आणि फोटो निघतात. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की सामान पुन्हा आत येते. हे सामान एका दिवसात बाहेर निघू शकते, हे आपल्याच कर्मचाऱ्यांनी दाखवून दिले आहे. म्हणून "दुसरीकडे जागा नाही" हे कारण या वेळी कृपया देऊ नये.

क्वचित कोणा भल्या कर्मचाऱ्याने दार उघडून दिलेच, तरी आतून लावायला कडी नाही. होल्डर आहे, दिवा नाही. विजेचा पॉइंट तेवढा चालू आहे, त्यामुळे बाई आत पाजत बसलेली असताना मोबाईल चार्जिंगला लावायला पुरुष बेधडक आत येतात. "बाहेर व्हा" म्हटले तर उलट विचारतात, "पाटी कुठं लावलीय?" पाटी दारावरच आहे, पण दार उघडले की ती भिंतीकडे जाते.

मग आया काय करतात? सासू बरोबर असेल तर ती टॉवेल आडवा धरून उभी राहते आणि सून बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसते. साडी असेल तर पदराचा आडोसा होतो, ड्रेस असेल तर ओढणी पुरत नाही. एकटी असेल ती स्वच्छतागृहात जाते. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातली एक आई बाळाला लस टोचून परत निघाली होती. महामार्गाच्या कामामुळे गाडीचा पत्ता नव्हता, बाळाच्या अंगात ताप भरत होता आणि ते छातीशी डोके घुसळत होते. तिने स्वच्छतागृहात, ओल्या फरशीवर, नाकाला रुमाल बांधून उभ्याने बाळाला पाजले. बाहेर आल्यावर वेळ जास्त लागला म्हणून तिच्याकडे जादा पैसे मागितले. तिने ते दिले, कारण मागे रांग होती आणि सगळे बघत होते. त्या बाईचे नाव येथे देत नाही. ते आपणास ऐकायचेच असेल तर ती स्वतः येऊन सांगायला तयार आहे.

दुसरा परिणाम दिसत नाही, पण तो अधिक वाईट आहे. आशाताई घरी येऊन बजावतात की सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. ते आम्हांला पटते. पण प्रवास म्हटला की आया बाटली भरून घेतात, आणि ती बाटली उन्हात किती वेळ राहिली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. स्थानकावर स्वच्छतागृहाला जावे लागू नये म्हणून कित्येक जणी घरून निघताना पाणीच पीत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईने उन्हाळ्यात पाणी तोडायचे, पाजायची वेळ टाळायची, दूध साठून गाठी आल्या की ताप काढायचा, आणि हे सगळे एका कुलपापायी. एक खाते आईला पाज म्हणते, दुसरे खाते पाजायच्या खोलीत खराटे ठेवते.

महामार्गाचे शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून गाड्यांच्या वेळा कोलमडल्या, हे आम्ही समजून घेतो. तो रस्ता आपल्या हातात नाही. पण गाड्यांना उशीर होतो म्हणूनच स्थानकावर थांबण्याचा वेळ वाढला आहे आणि कक्षाची गरजही वाढली आहे. रस्ता होईपर्यंत कक्ष बंद, असा उलटा हिशेब होऊ नये.

आता आश्वासने. पहिल्या अर्जाच्या वेळी "मार्चअखेर निधी आला की करू" असे सांगण्यात आले. मार्च आला आणि गेला. लोकशाही दिनात "आठ दिवसांत कार्यवाही करून कळवतो" असे सर्वांसमोर सांगितले, ते आठ दिवस अजून चालूच आहेत. त्यानंतर निवडणूक लागली आणि "आचारसंहिता संपू द्या" असे उत्तर आले. कुलूप उघडायला आचारसंहिता आड येते, हे आम्हांला प्रथमच कळले. दिवाळीपूर्वीच्या चर्चेत आपण स्वतः, आमच्यासमोर, फोन लावून "उद्याच्या उद्या उघडा" असे फर्मावले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. कुलूप तेच होते, फक्त त्याला तेल घातलेले होते.

शिवाय गाडी एका विभागाची आणि स्थानक दुसऱ्या विभागाचे असल्यामुळे आमचे अर्ज दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतात. प्रवाशाला विभाग कळत नाही. तिला लाल गाडी आणि बंद दार एवढेच कळते.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१) हिरकणी कक्षातील अडगळ आठ दिवसांत हलवावी. कुलूप काढून टाकावे. चोरीची भीती असल्यास रात्रीपुरते लावावे आणि किल्ली फक्त वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीत, नजरेस पडेल अशी टांगावी. प्रत्येक ड्युटीला किल्लीची जबाबदारी एकाच कर्मचाऱ्यावर असावी आणि त्याचे नाव दारावर लिहावे. आतून कडी, दिवा, पंखा, बसायला टेकू असलेली दोन बाकडी आणि फुटक्या तावदानाला काच, एवढे करावे. विजेचा पॉइंट बाहेरच्या भिंतीवर घ्यावा, म्हणजे चार्जिंगवाल्यांची सोय होईल आणि आमची सुटका. पाळण्याचे वेष्टन काढावे. यासाठी वेगळा निधी लागतो असे आम्हांला वाटत नाही.

२) रात्रीच्या गाड्या बायपासने न नेता स्थानकात आणाव्यात. तान्हे मूल घेतलेल्या बाईला महामार्गावरच्या फाट्यावर, अंधारात, पुलाखाली उतरवू नये. याबद्दलही पूर्वी सांगितले आहे.

३) महिला स्वच्छतागृहात बाळाचे कपडे बदलण्यासाठी एक फळी बसवावी.

४) मुलांच्या अर्ध्या तिकिटाच्या वयावरून वाद होतात, तेथे मोबाईलमधील जन्मदाखला ग्राह्य धरावा.

५) गाडी कोणत्या फलाटावर लागणार, ते ध्वनिक्षेपकावरून वेळेत सांगावे.

दुसऱ्या ते पाचव्या मागणीला वेळ लागला तरी आमची हरकत नाही. पहिलीला लागू नये.

आम्ही मोर्चेवाले नाही. घरी मुले, म्हातारी माणसे, शेती, नोकऱ्या आहेत. पण एक महिन्याच्या आत कक्ष उघडला नाही, तर आम्ही मुलांना घेऊन आपल्या कार्यालयात येऊ आणि मुलांना भूक लागली की तेथेच, आपल्या अभ्यागत कक्षात, त्यांना पाजू. तो कक्ष दिवसभर उघडा असतो, पंखाही चालतो, हे आम्ही दिवाळीपूर्वी पाहिले आहे. यातून काही गैरसोय झाल्यास त्याची जबाबदारी प्रशासनाची राहील.

या निवेदनाची पोच सही-शिक्क्यासह आजच मिळावी. पोचेवर आवक क्रमांकाबरोबरच, ज्या अधिकाऱ्याकडे हे काम सोपवले त्यांचे नाव आणि काम पूर्ण करण्याची तारीख लिहून द्यावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
दोन्ही जिल्ह्यांतील प्रवासी माता व पालक
(सह्या सोबत जोडल्या आहेत, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सातारा व सांगली.