लोह पोटात जाते. रक्तात पोहोचते का?

आमच्या परिसरातील एका भगिनींचे पत्र आले आहे. प्रश्न अनेक कुटुंबांच्या उपयोगाचा असल्याने या अंकातील संपूर्ण जागा त्यालाच देत आहे. त्यांचे वय ३४. दोन वर्षांपूर्वी नागपुरात त्यांच्यावर वजन कमी करण्यासाठी बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या थांबल्या, गुडघ्यांना आराम पडला. परंतु गेल्या सहा महिन्यांपासून थोड्याशा कामाने धाप लागते, केस गळतात आणि स्वयंपाक करताना नकळत मूठभर कच्चे तांदूळ तोंडात जातात. हिमोग्लोबिन ९.४ भरले. आशाताईंनी दिलेली लाल गोळी दर आठवड्याला चालू आहे. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणेही चालू आहेत. त्या विचारतात, "एवढे करूनही रक्त का वाढत नाही? सासूबाई म्हणतात, पोटभर जेवत नाहीस म्हणून. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. आणखी थांबावे का?"

सासूबाईंची काळजी खरी आहे, परंतु कारण केवळ कमी जेवणात नाही. या भगिनींच्या पोटात लोह जाते. ते रक्तात पोहोचण्याची वाट मात्र शस्त्रक्रियेने बदलली आहे. ही गोष्ट त्यांच्या घरातील प्रत्येकाने आणि त्यांना यापुढे तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवली पाहिजे.

बदललेली वाट

अन्नातील लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, शोषले जाते. तत्पूर्वी जठरातील आम्ल त्याला शोषणयोग्य रूप देते. बायपासमध्ये जठराची एक लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. आम्ल कमी मिळते आणि लोह शोषणारा भाग वगळलाच जातो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात आद्यांत्राची वाट कायम राहते, परंतु आम्ल घटते व आहारही घटतो. म्हणून 'माझी बायपास नव्हे, स्लीव्ह झाली आहे' असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दीर्घकाळ चालू असेल, तर शोषणात आणखी भर पडते ती अडथळ्याची. ही गोळी मनाने बंद करू नये. ती अजून आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचाही हिशेब मांडावा लागतो. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेले, तर त्यासोबत १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. निरोगी शरीर दिवसाकाठी अन्नातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषते. जमा घटली आणि खर्च तसाच राहिला, तर साठा संपणारच. शिवाय आपल्याकडे हा साठा मुळातच तोकडा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. शस्त्रक्रियेपूर्वीच लोह कमी असलेली स्त्री नंतर लवकर अडचणीत येते.

कच्च्या तांदळाबद्दल दोन शब्द. आपल्या धानाच्या पट्ट्यात तांदूळ हाताशी असतो, म्हणून तो खाल्ला जातो. अन्यत्र स्त्रिया माती, खडू किंवा बर्फ खातात. यासाठी सुनेला कोणी रागावू नये. हे लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, आणि साठा भरून आला की ही ओढ बहुधा आपोआप ओसरते.

गोळी तीच, हिशेब वेगळा

२०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातील गोळीत ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गर्भवती नसलेल्या स्त्रियांना ती आठवड्यातून एकदा दिली जाते. ज्यांचे जठर व आतडे शाबूत आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब योग्य आहे. परंतु बायपास किंवा स्लीव्ह झालेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रीला केवळ साठा टिकवण्यासाठीच दररोज ४५ ते ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह सुचवले जाते. म्हणजे आठवड्याला सुमारे ३०० ते ४२०. पत्रलेखिका भगिनी आठवड्याला ६० वर आहेत. त्यांच्या नियमितपणात उणीव नाही. मात्रा अपुरी आहे. कमतरता सिद्ध झाल्यावर मात्रा याहूनही वाढवावी लागते, दिवसाला १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत, विभागून. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

गोळी घेताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात:

१. वेष्टनावर क्षाराचे वजन नव्हे, प्रत्यक्ष लोह किती आहे ते पाहावे. औषध दुकानदार ते दाखवू शकतो.

२. आतड्यात उशिरा विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या अशा रुग्णांना फारशा उपयोगी पडत नाहीत.

३. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियमही घ्यावेच लागते, परंतु लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. आम्लनाशक औषधेही लोहाबरोबर नकोत.

४. गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा-कॉफी टाळावी. लिंबाचे पाणी किंवा आवळा सोबत चालेल.

आहाराविषयी एक गैरसमज दूर करतो. लाल रंग म्हणजे रक्त नव्हे. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असते. डाळिंबात त्याहूनही कमी. ती खावीत, पण औषध म्हणून नव्हे. मांसाहार चालत असेल, तर आपल्या तलावांतील मासे उत्तम, कारण मासे व मांस यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा सुलभतेने शोषले जाते. मटणाचे तुकडे सोसत नसतील, तर मऊ शिजवलेला खिमा घ्यावा. शाकाहारी कुटुंबांनी डाळी, उसळी, हळीव यांवर लिंबू पिळावे. परंतु ९.४ हिमोग्लोबिन केवळ आहाराने भरून येईल, अशी आशा धरू नये.

केवळ हिमोग्लोबिनवर विसंबू नका

हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरते. घरातील कणगी रिकामी होत आली, तरी रोजचा भात शिजतच असतो, तसेच हे आहे. कणगीत किती उरले आहे, ते फेरिटिन सांगते. ते ३० च्या खाली असेल, तर लोह कमी आहे असे समजावे. अंगात ताप किंवा दाह असल्यास फेरिटिन फसवे वाढते. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात, ते २० टक्क्यांच्या खाली असल्यास कमतरतेची शंका बळावते. जीवनसत्त्व बी१२ व फॉलिक आम्ल यांचीही तपासणी करावी. लोहाच्या अभावी रक्तपेशी लहान होतात, बी१२ च्या अभावी मोठ्या. दोन्ही अभाव एकत्र असले, तर सरासरी आकार सामान्य भासतो आणि दोन्ही दोष झाकले जातात.

विदर्भात आणखी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानामुळे ही तपासणी आता गावोगावी होते. थॅलेसेमियाचे वाहक असणाऱ्यांतही हिमोग्लोबिन कमी व रक्तपेशी लहान दिसतात, परंतु लोह पुरेसे असू शकते. साठा न मोजता महिनोन्महिने लोह देत राहणे म्हणूनच योग्य नव्हे.

रक्त कुठे जात तर नाही ना?

लोहाच्या गोळीने शौचास काळपट होते. त्याचे भय नाही. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त काळी शौच, पोटदुखी किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. तंबाखू आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके हा धोका वाढवतात. आपल्याकडे धानाच्या रोवणीनंतर अंगदुखीचे इंजेक्शन सहज मागितले जाते आणि खर्रा तर हातोहाती फिरतो. शस्त्रक्रिया झालेल्याने खर्रा सोडावा, आणि कोणत्याही दवाखान्यात शिरताच 'माझी पोटाची बायपास झाली आहे' हे पहिले वाक्य उच्चारावे. पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होत असेल, तर त्यावरही स्वतंत्र उपचार हवेत.

शिरेतून लोह आणि दुसरे मूल

गोळ्या सोसत नसतील, चार ते सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढत नसेल किंवा कमतरता तीव्र असेल, तर शिरेवाटे लोह देतात. आतड्याची वाट टाळणारा हा उपाय अशा रुग्णांत फार उपयुक्त आहे. क्वचित तीव्र अॅलर्जी संभवते, म्हणून तो घरी नव्हे, रुग्णालयात देखरेखीखालीच घ्यावा. त्यानंतर लगेच फेरिटिन तपासू नये. आकडा खोटा चढलेला दिसतो. चार ते आठ आठवडे थांबावे.

आता दुसऱ्या मुलाचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात. तो काळ उलटला आहे, म्हणून आशा सोडण्याचे काहीच कारण नाही. थांबायचे ते लोहाचा साठा भरेपर्यंत. गर्भावस्थेत लोहाची गरज वाढते आणि पहिल्या तिमाहीत शिरेवाटे लोह दिले जात नाही. म्हणून ही भरपाई आधीच व्हावी. तीव्र रक्तक्षयाने अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि प्रसूतीत मातेच्या जिवाला धोका संभवतो. बी१२ व फॉलिक आम्लाची पातळीही गर्भधारणेपूर्वीच सुधारून घ्यावी.

त्यांनी या आठवड्यात इतके करावे. हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी१२, फॉलिक आम्ल आणि पूर्वी झाली नसल्यास सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. अहवाल व शस्त्रक्रियेचे कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. नागपूरच्या शल्यचिकित्सकांचाही सल्ला घ्यावा. पुढे उपचार चालू असताना डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि प्रकृती स्थिरावल्यावर वर्षातून किमान एकदा, ही तपासणी आयुष्यभर करावी. नागपूरला दरवेळी जाणे जमत नसेल, तर रक्ताचा नमुना तालुक्याच्या गावी देता येतो. अहवाल फोनवरून शल्यचिकित्सकांना पाठवता येतो.

कुटुंबीयांस विनंती अशी की, ताटात जास्तीची पोळी वाढून हा प्रश्न सुटणार नाही. ती थकली म्हणून आळशी ठरत नाही, आणि वजन उतरले म्हणून पूर्ण बरी झाली असेही नाही. तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर घरातल्या कोणीतरी लिहून ठेवावी, आणि त्या दिवशी तिच्यासोबत जावे.