समझोता कोणाचा आणि कोणासाठी?

'मिटवून टाका' हे दोन शब्द आपल्या समाजाने जितके ऐकले, तितके दुसऱ्या कोणी क्वचितच ऐकले असतील. बांध कोरला, मिटवून टाका. जातीवरून शिवी दिली, मिटवून टाका. वरातीवर दगड आले, मिटवून टाका. नवऱ्याने मारले, घरातली गोष्ट घरातच मिटवून टाका. सांगणारा गावचा पुढारी असो, पोलीस पाटील असो की घरातला वडीलधारा, मिटवून घ्यायचे ते नेहमी दुबळ्यानेच.

आज हेच शब्द कायद्याच्या भाषेत आपल्यापुढे आले आहेत. संसदेने २०२३ साली मध्यस्थता कायदा केला. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिती आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण यांनी देशभर मध्यस्थीची विशेष मोहीम राबवली. त्यात वैवाहिक वाद, वाटणीचे दावे, अपघात भरपाई, धनादेशाची प्रकरणे, एवढेच नव्हे तर कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणेही घेतली गेली. देशातील न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली असताना राज्यकर्त्यांना आणि न्यायव्यवस्थेला हा मार्ग जवळचा वाटणे साहजिक आहे. प्रश्न असा की, आंबेडकरी चळवळीने या मार्गाकडे कसे पाहावे? डोळे झाकून स्वीकारावा, की प्रस्थापितांचा डाव म्हणून झिडकारावा? माझ्या मते दोन्ही चूक आहे.

प्रथम मध्यस्थी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण यात फार गल्लत होते. लवाद निकाल देतो, न्यायाधीश निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो, प्रत्येकाला न अडवता बोलू देतो, गरज पडल्यास एकेकाला वेगळे भेटतो आणि त्या भेटीत कळलेली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. तोडगा पक्षकारांनीच काढायचा असतो. कोणालाही कोणत्याही क्षणी उठून जाता येते. हे उठून जाण्याचे स्वातंत्र्य हाच मध्यस्थीचा कणा आहे. ते नसेल तर ती मध्यस्थी नव्हे, गावकी आहे.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी या अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ साली लिहिलेल्या पुस्तकातून या शास्त्राचे एक सूत्र जगभर गेले. माणूस काय मागतो हे बघू नका, ते का मागतो हे बघा. समजा, दोन भावांत वडिलांच्या दोन खोल्यांवरून वाद आहे. थोरला म्हणतो विका, धाकटा म्हणतो विकणार नाही. न्यायालयात हा वाटणीचा दावा वर्षानुवर्षे चालेल. पण विचारले की कळते, थोरल्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा आहे आणि धाकट्याला म्हाताऱ्या आईला बेघर करायचे नाही. या दोन गरजा एकमेकींच्या शत्रू नाहीत. धाकट्याने थोरल्याचा हिस्सा हप्त्याने विकत घ्यावा, असा मार्ग निघू शकतो आणि भावाभावांतले नातेही टिकते. अशा वादाला मध्यस्थीइतके उत्तम औषध नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० च्या ॲफकॉन्स प्रकरणात वैवाहिक, वाटणीचे आणि शेजाऱ्यांचे वाद मध्यस्थीस योग्य ठरवले आणि फौजदारी गुन्ह्यांचे खटले मात्र त्यातून वगळले.

हे सगळे पाश्चात्यांनी शोधून काढले, असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा सविस्तर मांडला आहे. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने पर्याय सुचवला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा सोडवावा. दोन्ही बाजूंना समान प्रतिनिधित्व आणि पाचवा दोघांच्याही पसंतीचा! बहुमताने ही सूचना फेटाळली गेली आणि पुढे सिद्धार्थाने गृहत्याग केला. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून नव्हे, तर एका सामाजिक संघर्षातून गृहत्याग घडला, हे बाबासाहेबांनी का ठासून सांगितले असेल? तंटा कसा सोडवायचा हा प्रश्न धम्माच्या मुळाशी आहे, म्हणूनच.

भिक्खूसंघातले वाद शमवण्यासाठी विनयात सात नियम आहेत. पहिला नियम सन्मुख विनय. संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती समोर असल्याशिवाय निवाडा नाही. पाठीमागे ठरवून सही घेणे तेव्हाही मान्य नव्हते. सातवा नियम तर फार अर्थपूर्ण आहे. त्याचे नाव 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणे. दोन गट भांडले, दोन्हीकडून वाटेल ते बोलले गेले. आता एकेक चूक उकरत बसलो तर भांडण वाढेल, म्हणून सगळ्यावर गवत पसरावे. पण या नियमाला अपवाद आहे. गंभीर अपराध गवताखाली झाकता येत नाही आणि गृहस्थांशी संबंधित अपराधही नाही. संघाने आपसातली कुरबुर झाकावी. दुसऱ्याला पोहोचवलेली इजा परस्पर झाकण्याचा अधिकार संघालाही नव्हता.

आजच्या समझोत्याच्या बाजाराला मोजण्यासाठी हीच फूटपट्टी पुरेशी आहे. कुरबुर झाकता येते, अत्याचार झाकता येत नाही.

आपला इतिहास काय सांगतो? २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला समझोता झाला की, रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा. आपली माणसे शब्दावर विश्वास ठेवून आली. सवर्णांनी रथ परस्पर पळवला आणि वर दगडफेक झाली. पुढे १९३२ साली इंग्रज सरकारने दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. सप्रू, जयकर यांच्यासारखे नामवंत धावपळ करीत होते, बैठका होत होत्या, मसुदे बदलत होते. बाहेरून पाहता ती वाटाघाटच होती. पण बाबासाहेबांना बैठकीतून उठून जाण्याचे स्वातंत्र्य होते काय? ते उठून गेले असते आणि गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते, तर खेड्यापाड्यांतील आपल्या माणसांचे काय झाले असते? त्या दडपणाखाली बाबासाहेबांनी राखीव जागा १४८ पर्यंत वाढवून घेतल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ सोडावा लागला. ज्याच्या माथ्यावर टांगती तलवार आहे, त्याची संमती ही संमती नसते.

याउलट महाडचे पाहा. १९२७ चा संग्राम झाला, सवर्णांनी दिवाणी दावा लावला. बाबासाहेब तो दहा वर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. चवदार तळ्याच्या पाण्यावर 'आठवड्यातून दोन दिवस तुमचे' अशी तडजोड त्यांनी केली नाही. कारण वाद पाण्याच्या वाटपाचा नव्हता, माणूसपणाचा होता. वाटप तडजोडीने करता येते. माणूसपण वाटून घेता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे अनेक वाद गावातच मिटले. पण तंटे मिटवण्याला गुण आणि गुणांवर लाखांचे बक्षीस, अशी रचना केली की काय होते? गावाचे बक्षीस हुकू नये म्हणून तक्रारदाराचे तोंड दाबण्याचा मोह होतो. समितीत बहुसंख्य कोणाचे, अध्यक्ष कोणाचा, बैठक कोणाच्या ओट्यावर, हे प्रश्न आपल्या वस्तीला विचारावेच लागतात. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याच्या मुळाशी शेतातून जाणाऱ्या वाटेचा जुना वाद होता. वरून पाहिले तर बांधाचा तंटा, आत जातीची आग. मध्यस्थाला ही आग दिसत नसेल, तर तो मध्यस्थ कशाचा? नॉर्वेचे शांतता अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केवळ मारामारी नसणे आणि अन्याय नसणे या दोन वेगळ्या शांतता सांगितल्या आहेत. तंटामुक्त गाव आणि अन्यायमुक्त गाव यांतला फरक तोच आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, तो माहीत मात्र हवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मध्ये गुन्हा आपसात मिटवण्याची तरतूद नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ पीडित आणि साक्षीदारांना धाकदपटशा व आमिष यांपासून संरक्षण देते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रामावतार प्रकरणात समझोत्यानंतर खटला रद्द केला हे खरे. पण वाद मुळात खाजगी किंवा दिवाणी स्वरूपाचा असेल आणि समझोता दबावाविना झाला असेल, तरच असे करता येईल, हेही तिथेच बजावले. नव्या मध्यस्थता कायद्यातील सामुदायिक मध्यस्थी दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीशिवाय सुरू होत नाही आणि तिच्यातील समझोत्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ नाही. म्हणजेच 'समितीने ठरवले, आता सही कर' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. सवर्णांच्या समझोत्याची चिकित्सा करणारे आपण, आपल्या घरातील स्त्रीला मात्र त्याच भाषेत 'मिटवून घे' म्हणतो. बैठक बसते, त्यात दहा पुरुष, कोपऱ्यात ती एकटी. तिला विचारतात, मुलांचा विचार केलास का? समाजात नाव जाईल, चळवळीला बट्टा लागेल, असेही सांगतात. हा पुणे करारच नव्हे काय? कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा आहे. त्याखालील २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, समुपदेशनात पुरुषाला आपल्या मारहाणीचे समर्थन करता येणार नाही. हिंसा पुन्हा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. आणि तडजोडीचा प्रयत्न पीडितेची इच्छा असेल तरच. 'ती उलट बोलली म्हणून हात उठला' हे वाक्य आपल्या बैठकीत ऐकून घेतले जाते, तेव्हा आपण कायदाही मोडतो आणि पंचशीलही.

दुसरीकडे, जे खरोखर बोलून मिटू शकते त्यासाठी आपण न्यायालयात जातो. विहाराच्या जागेचा वाद, समितीच्या निवडणुकीचा वाद, जयंतीच्या वर्गणीच्या हिशेबाचा वाद. दोन गट, दोन मंडळे, दोन मिरवणुका आणि एक धर्मादाय आयुक्त! कोसंबीचे भिक्खू क्षुल्लक कारणावरून भांडले, तथागतांचेही ऐकेनात, तेव्हा तथागत त्यांना सोडून वनात निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्खूंना भिक्षा देणे बंद केले, तेव्हा ते ताळ्यावर आले. भांडणाऱ्या नेत्यांना ताळ्यावर आणण्याचे सामर्थ्य सामान्य उपासकांकडे असते, ही गोष्ट आपल्या गटातटांच्या राजकारणालाही लागू आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोणत्याही समझोत्याच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. एक, वाद कशाचा आहे? वाटपाचा असेल तर बसा. अत्याचाराचा असेल तर आधी गुन्हा नोंदवा. दोन, दुबळ्या बाजूला उठून जाता येते काय? आज रात्री ती कुठे झोपणार, उद्या मजुरी कोण देणार, याची सोय झाल्याशिवाय तिला बैठकीत बसवू नका. तीन, ठरले ते लिहिले काय, वाचून दाखवले काय आणि शब्द मोडल्यास पुढे काय, हेही लिहिले काय? तोंडी समझोत्याचे काय होते ते १९३० च्या रामनवमीने शिकवले आहे.

प्रत्येक मोठ्या विहारात पाच जणांचे मध्यस्थ मंडळ उभे राहू शकते. सिद्धार्थाची रीत वापरावी, दोन तुमचे, दोन त्यांचे, पाचवा दोघांचा. निदान दोन स्त्रिया असाव्यात. आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीच्या प्रशिक्षणाची मागणी करावी. आपली माणसे प्रशिक्षित मध्यस्थांच्या यादीत नसतील, तर उद्या आपल्या वादात मध्यस्थ म्हणून कोण बसणार, हे सांगायला नको.

बाबासाहेबांनी आपल्याला भांडायला शिकवले आणि कोणत्या प्रश्नावर भांडायचे तेही शिकवले. भावाशी समेट करा, शेजाऱ्याशी करा, विहाराच्या दुसऱ्या गटाशी तर आजच करा. पण ज्या कागदावर आपल्या लेकीची किंवा वस्तीची अब्रू गहाण पडते, त्या कागदावर सही करू नका आणि दुसऱ्या कोणाला करायला लावू नका.