१२८ जीबींचं बुडीत खातं

आमच्या बँकेत दिवसअखेरीस रोकड एका रुपयानं जरी कमी भरली तरी कॅशियरला घरी जाता येत नाही. टेबलाखाली वाकून, ड्रॉवर उपडे करून, शिपायाच्या चपलेखालीसुद्धा बघून तो रुपया शोधावा लागतो. नाहीच सापडला तर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. अशा संस्थेत वीस वर्षं घासलेला मी बी. कॉम. माणूस. पाकिटावर ६४ छापायचं, घरी नेऊन मोजलं की ५९.६ भरायचं, आणि तरी कुणी रात्री थांबून हिशेब जुळवत नाही असाही धंदा जगात आहे, हे कळलं तेव्हा मी सर्दच झालो.

मेमरी कार्डाबद्दल बोलतोय. कार्डवाले एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. माझा विंडोजवाला संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून त्याचा जीबी १०७ कोटींच्या वर जातो. दोघंही आपापल्या जागी बरोबर! आमच्याकडेही दोन क्लार्कांच्या बेरजा वेगळ्या आल्या की दोघंही बरोबरच असतात. फक्त साहेब दोघांनाही बसवून ठेवतात. पण कार्डवाल्यांनी निदान पाकिटाच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात आपला हिशेब छापलेला असतो. तेव्हा ही तूट मी उदार मनानं सस्पेन्स खात्यात टाकतो.

माझं खरं भांडण दुसऱ्याशीच आहे.

तीन वर्षांपूर्वी गुहागरला जायच्या आदल्या दिवशी मी स्टेशनबाहेरच्या एका स्टॉलवर १२८ जीबींचं कार्ड तीनशे रुपयांत घेतलं. बिल मागितलं तेव्हा तो माणूस असा हसला की मलाच लाज वाटली. गुहागरात भाच्यानं कॅमेरा ताब्यात घेतला आणि समुद्राचे भरपूर व्हिडिओ काढले. त्यातल्या निम्म्यांत त्याची स्वतःची चप्पलच आहे, पण ते असो.

पुढच्याच महिन्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. बाबा जन्मात कधी कॅमेऱ्याकडे बघून हसले नव्हते. त्या दिवशी आत्या त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि बाबा कवळी सांभाळत खदाखदा हसले. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पाठीवर बाबा हसताना दिसलेसुद्धा!

रात्री संगणकाला कार्ड लावलं. फोटोंची नावं सगळी ओळीनं हजर. उघडायला जावं तर एकही उघडेना.

मग कळलं ते असं. कार्डात एक चिमुकली चिप असते. ‘जागा किती?’ असं कॅमेऱ्यानं विचारलं की ती उत्तर देते. माझ्या चिपला १२८ म्हणायला पढवलेलं होतं. आत होते फक्त आठ. ते आठ गुहागरच्या समुद्रानं आणि चपलेनं भरून टाकले. फोटोंची यादी कार्डाच्या सुरुवातीला लिहिली जाते म्हणून नावं राहिली. खुद्द फोटो गेले हवेत. आणि फोटो काढल्याबरोबर जो दिसतो तो कॅमेरा आपल्या स्वतःच्या स्मृतीतून दाखवतो. म्हणजे पासबुकात नोंद आहे, शिक्का आहे, सही आहे आणि तिजोरीत खडखडाट! गेलेले फोटो परत काढून देणाऱ्याकडे गेलो. तो बिचारा सज्जन. म्हणाला, “साहेब, पुसलेलं असेल तर मी काढून देईन. लिहिलंच नाही ते कुठून काढू?”

शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणतात, “तीनशेत घेतलंत, मग आणखी काय मिळणार?” या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो. अहो, तीनशेत आठच जीबी मिळतील असं लिहिलं असतं तर मी ते आठ जपून वापरले असते! स्वस्त विकलं म्हणून माझी तक्रार नाही. पावशेराच्या मापावर ‘एक लिटर’ कोरायचं आणि वर गिऱ्हाइकालाच हावरट ठरवायचं, हे कुठलं शास्त्र? भाजीवाल्याच्या वजनाला सरकारी छाप लागतो. पूर्वी साधा बल्ब घेतला तरी दुकानदार तो पेटवून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही. कार्डही तसंच तपासता येतं. ते काठोकाठ भरून परत वाचून बघणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. मोठ्या कार्डाला दोन-चार तास लागतात खरे, पण मग विकणाऱ्यानं बिल द्यावं आणि न भरल्यास परत घेईन असं त्यावर लिहावं. एवढं मागितलं की दुकानदार माझ्याकडे इन्कम टॅक्सवाला आल्यासारखं बघतात.

हल्ली घरात नवं कार्ड आलं की पहिली रात्र ते संगणकात भरत बसतं. बायको म्हणते, “ऑफिस घरी आणू नका.” मी ऐकत नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. ते आठ जीबींचं कार्ड मी फेकलेलं नाही. त्यातल्या एका व्हिडिओत भाच्याच्या चपलेपलीकडे वाळूत बाबा उभे आहेत. हसताहेत की नाही ते कळत नाही. भाच्यानं त्यांना गळ्यापर्यंतच घेतलंय.