नाव गाळले, ओळख राहिली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी चहा घेता घेता एका वर्तमानपत्रात बातमी वाचली. एका अल्पवयीन मुलावर गुदरलेल्या प्रसंगाचा खटला कोर्टात उभा राहिला होता. बातमीत नाव नव्हते. बातमीदाराने कायदा पाळला होता, निदान त्याला तसे वाटले असावे. मात्र वडिलांची नोकरी कोणती, घर कोणत्या भागात, मूल कितवीत आणि ते ‘शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेत आहे’, एवढे सगळे छापून आले होते. आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी मराठी घरे एकमेकांना तीन-चार पिढ्या ओळखतात. कोणाची आत्या कोणाकडे दिली हे आपल्याला तोंडपाठ असते. एवढ्या तपशिलावरून नाव काढायला सकाळचे नऊसुद्धा वाजावे लागले नाहीत. ते मूल माझ्याकडे शिकत होते.

‘ते मूल’ असेच मी लिहिणार आहे. आपल्या भाषेला तिसरे लिंग आहे, त्याचा असा उपयोग व्हावा हे एरवी सुचले नसते. इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि आणखीही बरेच काही मी मुद्दाम फिरवले आहे, आणि त्या घराला विचारूनच हे लिहितो आहे.

नाव न छापणे म्हणजे ओळख झाकणे असा आपला समज आहे. गाणे शिकवणाऱ्याला तो पटत नाही. गवई रागाचे नाव सांगत नाही म्हणून जाणकाराचे काही अडते का? दोन सुरावटी कानांवर पडल्या की मागच्या रांगेतले आजोबा ‘यमन’ म्हणून मोकळे होतात. राग नावात नसतो, त्याच्या पकडीत असतो. आणि आजोबा कधी कधी चुकतातही! रागाच्या बाबतीत ते हसण्यावारी जाते. त्या सकाळी मात्र दोन घरांत चुकीचे नाव घेतले गेले आणि ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा दुसऱ्याच पोराकडे लोक पंधरा दिवस चमत्कारिक नजरेने पाहत होते.

कायदे करणाऱ्यांना ही पकड बरोबर कळली होती, हे मला नंतर समजले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे तेविसावे कलम नुसत्या नावाबद्दल बोलत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार आणि ज्यावरून मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील छापण्यास त्याने मनाई केली आहे. मुलाच्या हिताचे असेल तरच विशेष न्यायालय कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. कलम मोडल्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि जबाबदारी वर्तमानपत्राच्या मालकावरही येते. खटला बंद दाराआड चालतो, मुलाला वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारायचे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम आणखी पुढे जाते. ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि जे नुसते साक्षीदार आहे, त्यांनाही तेच संरक्षण आहे. आणि वर्तमानपत्राबरोबर ‘संपर्काची इतर साधने’ही त्यात आली. आपल्या ज्ञातीच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी फिरणारे कात्रण त्यातून कसे सुटेल? २०१८ साली कठुआच्या अभागी मुलीचे नाव आणि छायाचित्र छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक वृत्तसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल मरण पावले असले तरी त्याची ओळख उघड करायची नाही.

तेव्हा कायदा कमी पडला असे मी म्हणणार नाही. कमी पडलो आम्ही, आणि त्यात मी पहिला. बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. एका परिचित बाईंनी विचारले, “यंदा कार्यक्रमपत्रिकेत अमक्याचे नाव नाही ते?” मी म्हणालो, “सध्या येत नाही हो, कोर्टाच्या फेऱ्या आहेत बिचाऱ्याच्या मागे.” बोललो ते कळवळ्यानेच. बातमीतून ज्यांना नाव निघाले नव्हते त्यांच्यासाठी ते मी काढून दिले. पुढच्या महिन्यात मुलाची आई फी चुकती करून गेली. एका शब्दानेही मला बोलली नाही. ती बोलली असती तर मला हलके वाटले असते.

आता एक आक्षेप. आमचे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यातले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते, आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यांच्याकडून ऐकले आहे की, मोठ्या घरातले असले काही कोर्टापर्यंत जाऊच देत नसत. पोरीला रातोरात आजोळी पाठवायचे आणि त्या गृहस्थाला पुढच्या मैफलीत पुन्हा पहिल्या रांगेत बसवायचे. आमच्यातली काही वडीलधारी मंडळी आजही म्हणतात, “तेच बरे होते, चार लोकांत बोभाटा नाही.” ही गल्लत फार घातक आहे. ती झाकपाक घराण्याच्या अब्रूसाठी होती आणि तिचा आडोसा अपराध्याला मिळत होता. आजचा आडोसा मुलासाठी आहे, आणि त्याच्या आत खटला पुरता चालायचा आहे. हाच पॉक्सो कायदा एकोणिसाव्या कलमात सांगतो की, ज्याला असा प्रकार कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे संगीतशिक्षकाने पोलिसांकडे बोलायचे आणि कार्यक्रमाच्या दारात गप्प बसायचे. मी नेमके उलटे करणाऱ्यांच्या जातीचा निघालो.

एक उणीव मात्र मला दिसते. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाचा ताबा कोणाकडे, या खटल्यांना एवढे कडक कवच नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे पक्षकाराने मागितल्यास सुनावणी बंद दाराआड होते, हे खरे. पण निकालपत्रे संगणकावर येतात, त्यांत मुलांची नावे अनेकदा जशीच्या तशी असतात. आई काय म्हणाली, बाप काय म्हणाला, पोर रात्री का रडत असे, हे सगळे त्या नावाखाली राहते. दहा वर्षांनी नोकरी देणारा किंवा सोयरीक पाहणारा ते नाव टाइप करणारच. तिथे मुलाच्या नावाऐवजी नुसते एक अक्षर लिहायला न्यायालयांना काय अडचण असावी, हे मला समजत नाही.

ते मूल आता दुसऱ्या शहरात आहे. गाणे सुटलेले नाही. गेल्या महिन्यात त्याने फोनवर भूपाचा एक छोटा ख्याल मुद्रित करून पाठवला. चांगला होता, गंधार तर फारच चांगला. संध्याकाळच्या वर्गातल्या पोरांना ऐकवावा असे अगदी ओठांवर आले होते. मी तबल्याचे डग्गे बाजूला सरकवले, दार लोटून घेतले आणि तो एकट्यानेच दोनदा ऐकला.