उसना सूर आणि निर्मात्याचा मान

हिप-हॉप संगीत आतां आमच्या विद्यार्थ्यांस परकें राहिलेलें नाहीं. दुसऱ्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील एखादा तुकडा उचलून त्याच्या पायावर नवें गाणें उभारण्याची जी रीत या संगीतांत आहे, तिला 'सँपलिंग' म्हणतात. आणि गाण्याचा ठेका व रचना सिद्ध करणाऱ्यास 'प्रोड्यूसर' म्हणतात. चित्रपटाचा निर्माता भांडवल घालतो. हा निर्माता कान आणि कल्पना घालतो. परंतु ज्यानें स्वतः ना वाद्य वाजविलें, ना कंठ उघडला, त्यानें परक्याच्या वादनावर निर्माता म्हणवून घ्यावें काय, असा प्रश्न सुज्ञ पालक करतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू पाहूं.

या कलेचा उगम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांतील. जमैकांत जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डी. जे. कूल हर्क यानें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील एका इमारतींत भरलेल्या मेळाव्यांत तबकड्या वाजविल्या, तो दिवस या संगीताचा जन्मदिवस मानतात. गायन थांबून केवळ ड्रमचा ठेका उरला, कीं नाचणाऱ्यांस विशेष चेव येतो, हें त्यानें हेरलें. आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो ती क्षणभराची जागा लांबवूं लागला. पुढें हेंच काम यंत्रें करूं लागलीं. १९८७ सालच्या एसपी-१२०० या यंत्रांत जेमतेम १० सेकंदांचा ध्वनि मावे. तेवढ्या तुटपुंज्या जागेंत संसार थाटणें हें आळशाचें काम खास नव्हे.

असंख्य तबकड्या ऐकून नेमकी जागा निवडणें, ती कापणें, तिचा वेग व स्वर बदलणें, दुसऱ्या तुकड्याशीं तिचा मेळ घालणें, आणि कोठें थांबावें हें ओळखणें, यांतच प्रोड्यूसरचें कर्तृत्व आहे. डेट्रॉइटच्या जे डिला याचा 'डोनट्स' हा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजीं, त्याच्या ३२ व्या वाढदिवशीं, प्रसिद्ध झाला. तीनच दिवसांनीं तो वारला. त्यांतील बहुतेक द्रव्य इतरांच्या तबकड्यांतलें आहे. तरी ऐकणाऱ्यास ओळख पटते ती डिलाचीच. आपल्याकडील कीर्तनकार अभंग तुकोबांचा घेतो, ओवी ज्ञानोबांची घेतो, आख्यान पुराणांतलें घेतो. तथापि रंगलेलें कीर्तन त्याचेंच असतें. मात्र अभंगांतील संतांची नाममुद्रा तो कधीं गाळीत नाहीं. आमच्या मतें सर्व मर्म येथेंच आहे.

१९६९ सालीं 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदानें 'आमेन, ब्रदर' ही धुन ध्वनिमुद्रित केली. तींत ग्रेगरी कोलमन यानें कांहीं सेकंद एकट्यानें ड्रम वाजविला आहे. तो तुकडा पुढें हजारों गाण्यांत वापरला गेला. पण कोलमन २००६ सालीं दारिद्र्यांत वारला, त्या वादनाचा मोबदला न मिळतां! २०१५ सालीं चाहत्यांनीं वर्गणी काढून वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांस सुमारें २४,००० पौंड दिले. कोलमनपुरतें तें औदार्य फार उशिराचें ठरलें. आमच्या लताबाईंचा आवाजहि यांतून सुटला नाहीं. 'ज्योति' (१९८१) चित्रपटांतील त्यांचें गाणें २००२ सालीं 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यांत घेतलें गेलें. संगीतकार बाप्पी लाहिरी यांनीं तेथील न्यायालयांत दाद मागितली, आणि त्यांचें नांव दिल्यावांचून ती ध्वनिमुद्रिका विकूं नये, असा हुकूम झाला.

कित्येक म्हणतात कीं, १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिल्यापासून परवानगीचा खर्च वाढला आणि गरीब कलावंताचे हात बांधले गेले. त्या निकालाचा आरंभच दहा आज्ञांपैकीं चोरीविषयींच्या आज्ञेनें झाला होता. तक्रार अगदींच खोटी नाहीं. शिवाय शुल्क बहुधा हक्कदार कंपनीच्या पेटींत पडतें, वादकाच्या हातीं नव्हे. कायद्यांत ही उणीव आहे, ती सुधारली पाहिजे. परंतु ऋण फेडणें कठीण, म्हणून ऋणच नाकारावें, हा न्याय नव्हे. पैसा जवळ नसला तरी नांव घेण्यास खर्च येत नाहीं.

सारांश, उसना सूर घेतल्यानें कोणी चोर ठरत नाहीं आणि केवळ यंत्र विकत घेतल्यानें कोणी निर्माता ठरत नाहीं. घेतलेल्या तुकड्यांतून जो पूर्वीं नव्हतें असें कांहीं घडवितो, आणि तो कोणाचा हें उघडपणें सांगून त्याचें देणें देतो, तोच त्या पदवीस पात्र. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हातांतल्या फोनवर ठेके रचीत असेल, तर पालकांनीं त्याला नकलाकार म्हणून हिणवूं नये. जवळ बसून तें ऐकावें, आणि दोनच गोष्टी विचाराव्या: बाळ, यांत तुझें काय आहे? आणि जें तुझें नाहीं, तें कोणाचें आहे?