‘घरात कुणाला आहे का?’

रायपूरच्या मराठी घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिका आणि पगारामागोमाग एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: ‘घरात कुणाला डोक्याचं काही आहे का?’ टाटीबंधच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, पण मुलीच्या काकाला स्किझोफ्रेनिया असेल तर लग्न उरकेपर्यंत त्याचं नाव निघत नाही. टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून बायांचा छळ करण्याविरुद्ध 2005 साली कायदा करणाऱ्या राज्यात ‘कुणी काही केलं असेल’ म्हणणारेही भेटतात. पण शिकलेल्या घरांतलं कारण वेगळं असतं. आजार आनुवंशिक आहे, हे विज्ञानच सांगतं ना? सांगतं. पण आपण ते अर्धंच ऐकतो.

जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के निघतो. हा आकडा समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका माणसाच्या नशिबाचा नव्हे. एकबीज जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला धोका 10 टक्क्यांच्या आसपास. काका-मामाच्या बाबतीत तो 2 ते 4 टक्क्यांवर उतरतो आणि ज्यांच्या घरात कुणालाच नाही त्यांनाही साधारण 1 टक्का असतोच. 2022 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या, 76,755 रुग्णांच्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या 287 जागा जनुकसंचात सापडल्या. काही दुर्मीळ बदल सोडले तर प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर, आणि त्यातल्या कितीतरी खुणा प्रश्न विचारणाऱ्या वरपक्षाच्याही रक्तात आहेत. त्या काय करतात याचा एक धागा 2016 साली हाती लागला. वाढत्या वयात मेंदू पेशींमधले जादा सांधे छाटतो. ‘सी-फोर’ जनुकाची काही रूपं असलेल्यांत ही छाटणी बहुधा गरजेपेक्षा जास्त होते. आजार विशीच्या आगेमागे का डोकं वर काढतो, याचा उलगडा त्यातून होऊ शकेल. आईच्या लाडाला किंवा धाकाला दोष देणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

मग लग्नाआधी जनुकचाचणीच करून घ्यावी, असं कुणी म्हणेल. पण एकेकट्या माणसाचं भाकीत करण्याइतकी ती पक्की नाही, आणि तिच्यामागचे नमुने मुख्यतः युरोपीय व पूर्व आशियाई लोकांचे. आपल्याला तर ती आणखीच कमी लागू. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: लपवणं ही फसवणूक नव्हे का? ज्याचं लग्न ठरतंय त्यालाच आजार असेल तर नक्कीच आहे. औषधाची पट्टी उशीखाली लपवून सुरू झालेला संसार पहिल्या चुकलेल्या गोळीबरोबर डळमळतो. मात्र काकाचा आजार पुतणीच्या नावावर चढवायला काहीच आधार नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कलमाच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. तरीही निव्वळ निदानाच्या कागदावर लग्न मोडता येत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगितलं. न्यायालय रुग्णाच्याही बाबतीत एवढी चौकशी करतं. बैठकीत निरोगी मुलीचा निकाल चहा संपायच्या आत लागतो.