चहापुरती थांबलेली राजधानी

शिर्डी-शिंगणापूरच्या गाड्या नगरला चहापुरत्या थांबतात आणि पुढे सुटतात. निजामशाहीची ही राजधानी, मलिक अहमदने १४९४ साली वसवायला घेतलेली. तिला एक आख्खा दिवस द्यायला काय हरकत आहे? म्हणून हा अंक.

सकाळी आधी भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र खिशात हवंच. नेहरू, पटेल, मौलाना आझाद १९४२ पासून इथेच कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. जवळची दमडी मशीद एवढीशी, पण तिच्या दगडावरचं कोरीवकाम बोटभर अंतरावरून पाहा. घाई करणाऱ्याला ते दिसतच नाही. फराहबागेला पाऊस संपल्यावर जावं. उन्हाळ्यात भोवतालचा तलाव कोरडा ठाक!

संध्याकाळी पाथर्डी रस्त्यावरचा चांदबिबी महाल. खरं तर तो महाल नव्हेच, निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. पण गावाने एकदा ठरवलं की ठरवलं. डोंगरावर वारा भन्नाट असतो, टोपी सांभाळा. पाण्याची बाटली खालूनच न्या आणि रिक्षावाल्याशी परतीचं भाडं निघतानाच ठरवा.